१९व्या शतकातला रेल्वेप्रवास कादंबरीत आणताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐतिहासिक कादंबरी लिहिणारे बरेच जण आगगाडीच्या प्रसंगाशी येऊन अडकतात. इंजिनाचा धूर, शिट्टी, डोळे मोठे करून बघणारे गावकरी एवढं लिहून होतं आणि पुढे काय ते सुचत नाही. इथे मुख्यतः जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेबद्दल, मुंबई-ठाणे-पुणे-नाशिक-सोलापूर या पट्ट्याबद्दल आणि साधारण १८५३ ते १९०० या काळाबद्दल लिहिलंय, कारण मराठी कादंबऱ्यांना बहुतेक वेळा तेच लागतं.

सुरुवात कुठून करू?

वर्षापासून. आधी वर्ष ठरवा, मग गाडी. ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो, कारण रेल्वे एका दिवसात आली नाही, ती तुकड्यातुकड्याने आली आणि तुमचं पात्र त्यातल्या कुठल्या तुकड्यावर, कुठल्या साली उभं आहे त्यावर सगळा प्रसंग ठरतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे, २१ मैल. १ मे १८५४ ला कल्याण. १८५६ च्या मे महिन्यात खोपोली. १८५८ च्या जूनमध्ये खंडाळा ते पुणे. म्हणजे लक्षात घ्या, १८५८ ते १८६३ अशी पाच वर्षं घाटाच्या खालीही गाडी होती आणि वरही गाडी होती पण मधला बोरघाट मात्र पालखी, तट्टू, बैलगाडी नाहीतर पायी. २१ एप्रिल १८६३ ला घाटातली लाइन सुरू झाली तेव्हा कुठे माणूस मुंबईला बसून पुण्याला उतरायला लागला.

आता ही पाच वर्षं कादंबरीकाराला केवढी मोठी देणगी आहे बघा. एकाच दिवसात तुमचं पात्र वाफेवरही चाललंय आणि भोयांच्या खांद्यावरही, खोपोलीला उतरून भाड्यावरून घासाघीस करतंय, वर खंडाळ्याची गाडी गाठता येईल का म्हणून जीव टांगणीला लागलाय, आणि शेजारी डोंगरात सुरुंग फुटतायत. १८६० सालच्या पात्राला मुंबई-पुणे सरळ गाडीत बसवलं तर हे सगळं हातचं जातं, शिवाय ते चूकही आहे.

१८५३ च्या आधी लोक मुंबईहून पुण्याला कसे जायचे?

बंदरावरून होडीने पनवेल, तिथून पुढे रस्त्याने. बोरघाटातला चाकांच्या गाड्यांसाठीचा रस्ता १८३० मध्ये, जॉन माल्कम गव्हर्नर असताना खुला झाला. होडी भरती-ओहोटी आणि वाऱ्यावर चालायची, त्यामुळे वेळेचा भरवसा नाही. रेल्वेने माणसाला काय दिलं हे दाखवायचं असेल तर आधी त्या होडीत थांबलेला माणूस दाखवा.

पहिल्या गाडीचा प्रसंग घ्यायचाच आहे, नक्की माहिती काय?

शनिवार, दुपारी साडेतीनच्या सुमारास, १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित, २१ तोफांची सलामी, आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. माझं प्रामाणिक मत विचाराल तर हा प्रसंग टाळा. तो इतक्यांनी लिहिलाय की वाचक आधीच कंटाळलेला असतो. त्या गाडीत निमंत्रित पाहुणे होते, तिकीट काढून बसणारा साधा माणूस नव्हता. त्यापेक्षा १८५२ च्या चाचण्या घ्या, भायखळ्याकडे नुसतं इंजिन ये-जा करताना बघायला जमणारी गर्दी घ्या. आणि जगन्नाथ शंकरशेट, जमशेटजी जीजीभॉय ही माणसं १८४० च्या दशकापासून रेल्वेसाठी खटपट करत होती, त्या बैठका कुणी फारशा लिहिलेल्या नाहीत.

माझं पात्र रत्नागिरीचं / कोल्हापूरचं / औरंगाबादचं आहे, ते गाडीने मुंबईला येऊ शकतं का?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रत्नागिरी: नाही. १९व्या शतकात तळकोकणात रेल्वे नाहीच, कोकण रेल्वे १९९० च्या दशकातली. माणूस गलबताने नाहीतर आगबोटीने येणार.

कोल्हापूर: १८९१ पासून, मिरजेहून फाटा आला तेव्हा. त्याआधी घाटावरून बैलगाडी किंवा टांगा. मिरज-साताऱ्याकडची लाइन सदर्न मराठा रेल्वेची आणि ती मीटरगेज, म्हणजे जीआयपीपेक्षा अरुंद रुळांची, त्यामुळे पुण्याला गाडी बदलायची, सामान उतरवायचं, हमाल करायचा. ही गाडी बदलण्याची धांदल कादंबरीत कुणी दाखवतच नाही.

औरंगाबाद: १९०० साली निजामाच्या मुलखातली गोदावरी व्हॅली लाइन झाली तेव्हा. त्याआधी वेरूळ-औरंगाबादला जाणारे नांदगावला उतरून टांग्याने जायचे.

अहमदनगर: १८७८, दौंड-मनमाड लाइन.

नाशिक: स्टेशन होतं पण गावापासून पाचसहा मैल लांब, म्हणून तर ते नाशिकरोड. गाडीतून उतरून पात्र थेट पंचवटीत पोचत नाही, मध्ये टांगा लागतो. आणि कसारा-इगतपुरीचा थळघाट १८६५ च्या सुरुवातीला सुरू झाला, त्याआधी इकडेही तेच घाट चढण्याचे हाल.

पंढरपूर: वारकरी बार्शी रोडला म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला उतरायचे आणि पुढे गाडीवाटेने. बार्शी लाइट रेल्वे १८९७ ची आणि ती आधी बार्शीकडे गेली, पंढरपूरला १९०६ मध्ये पोचली.

गोवा: मुरगावहून कॅसलरॉकपर्यंत पोर्तुगीज हद्दीतली रेल्वे १८८० च्या दशकाच्या शेवटी. हद्दीवर जकात तपासणी होती, ती विसरू नका.

माथेरानची छोटी गाडी १९०७ ची. १८९० ची नायिका नेरळला उतरून तट्टावर नाहीतर डोलीत बसणार.

तिकीट केवढ्याला होतं?

सुरुवातीच्या काळात तिसऱ्या वर्गाला मैलाला ३ पै असा दर होता. १२ पै म्हणजे १ आणा, १६ आणे म्हणजे १ रुपया. ठाण्यापर्यंत २१ मैल, म्हणजे ६३ पै, म्हणजे ५ आणे ३ पै. पहिल्या वर्गाला तेच २ रुपये १० आणे. म्हणजे साहेबाच्या एका तिकिटात तिसऱ्या वर्गाची आठ माणसं. मुंबई-पुणे ११९ मैल धरा, याच दराने तिसऱ्या वर्गाला पावणेदोन रुपयांच्या वर थोडं. दर पुढे बदलत गेले, पण अंदाज बांधायला एवढं पुरतं. आणि हा आकडा नुसता फेकू नका, पात्राची मिळकत काय आहे त्याच्याशी जोडा. महिन्याला पाचसात रुपये कमावणाऱ्या माणसाने पुण्याला जाऊन येणं म्हणजे निम्मा पगार, मग तो पायी जायचा विचार करणारच ना.

तिकीट म्हणजे कागदाचा चिठोरा नव्हे, जाड पुठ्ठ्याचा बोटभर लांबीचा तुकडा, त्यावर नंबर छापलेला, आणि खिडकीतला बाबू तो एका छोट्या यंत्रात घालून दाबायचा की तारीख उमटायची. तिसऱ्या वर्गाची खिडकी गाडीच्या थोडी आधी उघडायची, समोर ही झुंबड, सुटे पैसे परत मिळतील याची खात्री नाही, तिकिटावर काय लिहिलंय ते बहुतेकांना वाचता येत नाही. बाबूने कमी पैसे परत दिले ही तक्रार त्या काळी सर्रास होती. एका अडाणी म्हातारीने ते तिकीट पदराच्या गाठीत बांधलं आणि मग ठेसनात कुणी मागितलं की प्रत्येक वेळी गाठ सोडून दाखवलं, एवढ्या एका हालचालीत तुमचं अर्धं काम होतं.

डबे आतून कसे होते? आताच्यासारखा मधून रस्ता होता का?

नाही, आणि ही चूक फार मोठी आहे. डबा म्हणजे शेजारीशेजारी वेगळे कप्पे, प्रत्येकाला बाहेरून दार. एका कप्प्यातून दुसऱ्यात जाता येत नाही. म्हणजे तुमचा नायक चालत्या गाडीत नायिकेला शोधत डब्याडब्यातून फिरू शकत नाही. स्टेशन आल्यावर उतरून पळत जाऊन बघायचं आणि शिट्टी झाली की परत धावत यायचं. तिकीट तपासणारा सुद्धा बाहेरच्या फळीवरून दांडा धरून कप्प्याकप्प्याकडे यायचा. दारं बाहेरून बंद करून घेण्याची पद्धत होती त्यामुळे आत बसलेला माणूस कोंडल्यासारखा व्हायचा, त्याबद्दल लोक बोंबलायचे.

तिसऱ्या वर्गात लाकडी बाकं, खिडक्यांना काचा नाहीत, उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात झड सरळ अंगावर. इंजिनातून कोळशाचे कण उडत यायचे, ते डोळ्यात जायचे, पांढऱ्या धोतरावर ठिपके पडायचे. जीआयपीने १८७० च्या दशकात बाकंच नसलेला चौथा वर्गही काढला होता, माणसं उभी नाहीतर जमिनीवर बसलेली. पुढे त्यात बाकं टाकली. पहिल्या वर्गात गाद्या, झडपांच्या खिडक्या, झोपायला जागा, उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे, नोकरांसाठी बाजूला वेगळा कप्पा. पण अंथरूण-पांघरूण पहिल्या वर्गाचा माणूसही घरून आणायचा.

रात्रीचा दिवा कसा असायचा ते जरूर लिहा. छताला गोल भोक, संध्याकाळच्या स्टेशनवर हमाल टपावर चढून डब्यांवरून धपधप चालत येणार आणि वरून पेटलेला तेलाचा दिवा त्या भोकात सोडणार. आत बसलेल्यांना आधी पावलं ऐकू येतात, मग एकदम पिवळा उजेड. तेल काचेच्या वाटीत हिंदकळत राहतं, उजेड एवढाच की समोरच्याचा चेहरा दिसावा, पोथी वाचता येणार नाही.

शिवाशीव, सोवळं यांचं काय? सगळे खरंच एकत्र बसले?

बसले. तिकीट त्याच वर्गाचं असेल तर जातीवरून वेगळा डबा मिळत नव्हता. पण म्हणून भेद संपला असं लिहू नका. माणसाने आपल्यापुरती वाट काढली. गाडीत काही खायचं नाही, उतरल्यावर अंघोळ करायची, तोवर तोंडात पाणी घालायचं नाही असे नेम पाळणारे होते. ज्यांना खायचंच होतं ते दशम्या बांधून न्यायचे, दुधात भिजवलेल्या म्हणून त्या प्रवासात चालतात, बरोबर पोहे, गूळ, केळी. भात-भाकरी खरकट्यात जमा.

पाण्याचा प्रश्न सगळ्यात अवघड. स्टेशनवर हिंदूंना पाणी द्यायला ब्राह्मण पाणीवाला ठेवायचे आणि मुसलमानांना वेगळा. तो खिडकीखालून लांब तोटीच्या भांड्याने वरून धार सोडणार, आतला माणूस ओंजळ नाहीतर तांब्या पुढे करणार, आणि गाडी दोन मिनिटांत सुटणार. मे महिन्यात भरलेल्या डब्यातून शंभर हात बाहेर आलेत आणि पाणीवाला एकच, हा प्रसंग कुणीतरी नीट लिहायला पाहिजे असं मला फार वाटतं. त्यातही ज्यांना अस्पृश्य मानलं जायचं त्यांना हा पाणीवाला पाणी देणार का, त्यांनी तिकिटाचे पैसे तेवढेच भरलेत, हा प्रश्न टाळून १९व्या शतकातली तिसऱ्या वर्गाची गाडी लिहिता येणार नाही. ती खरी कादंबरीची जागा आहे.

बायकांसाठी वेगळा डबा होता का?

सुरुवातीपासून सरसकट नाही, काही कंपन्यांनी अधूनमधून सोय केली. पण १८९० च्या रेल्वे कायद्याने स्पष्ट नियम केला, १ जानेवारी १८९१ पासून प्रत्येक पॅसेंजर गाडीत सगळ्यात खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा फक्त बायकांसाठी राखून ठेवायचा आणि गाडी ५० मैलांपेक्षा जास्त जाणार असेल तर त्या कप्प्यात संडास हवा. म्हणजे १८९१ च्या अलीकडची आणि पलीकडची बाई यांचा प्रवास वेगळा आहे. त्याआधी लांबच्या प्रवासात बाई पाणीच प्यायची नाही, रात्रभर अंग चोरून कोपऱ्यात बसायची, आणि मोठं स्टेशन आलं तरी उतरायला घाबरायची कारण गाडी सुटली तर? ही भीती पुरुष लेखकांच्या डोक्यातच येत नाही बहुतेक वेळा.

अजून एक. पालखी थेट डब्याला लावून पडद्याआडून बाईला आत नेण्याचं वर्णन उत्तरेकडून उचलून आपल्याकडे आणू नका. मराठा सरदार घराण्यांत गोषा होता, तिथे ते चालेल. पण ब्राह्मण, शेतकरी, कष्टकरी घरातल्या बायका उघड्या तोंडाने चालत स्टेशनवर यायच्या.

पहिल्या वर्गाच्या किंवा पुरुषांच्या डब्यात संडास?

पहिल्या वर्गात १८९० च्या सुमारास यायला लागले. तिसऱ्या वर्गाच्या पुरुषांनी स्टेशनवर उतरायचं आणि पळत परत यायचं.

वेळ कुठली धरायची? वेळापत्रकात दुपारचे १२ म्हणजे कधीचे?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि खरं तर यातच सगळ्यात जास्त गंमत आहे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून. त्याआधी प्रत्येक गावाची आपली वेळ, सूर्यावरची. १८७० च्या दशकापासून रेल्वे मद्रास वेळेवर चालायची, ती मुंबईच्या वेळेपेक्षा साधारण अर्धा तास पुढे. म्हणजे स्टेशनच्या घड्याळात १२ वाजले तेव्हा गावातल्या घड्याळात साडेअकरा. गावच्या घड्याळावर विसंबून माणूस १२ ला पोचला तर गाडी अर्ध्या तासापूर्वीच गेलेली. १८८१ मध्ये सरकारने मुंबईवर मद्रास वेळ लादायचा प्रयत्न केला, लोकांनी इतका विरोध केला की दोन वर्षांत मागे घ्यावा लागला. चुकलेली गाडी, चुकलेली भेट, चुकलेला मुहूर्त यासाठी याच्यापेक्षा चांगलं कारण नाही. आणि ज्याच्याकडे घड्याळच नाही तो काय करतो? तो आदल्या रात्रीच मुसाफिरखान्यात येऊन वळकटीवर झोपतो.

बोरघाटाचा प्रवास लिहायचाय, काय काय दिसायचं?

पावणेसोळा मैलांची चढण, १८३१ फूट उंची, २५ बोगदे. कर्जतला गाडी थांबायची, घाटाची जड इंजिनं जोडायची. बोगद्यात धूर आत भरायचा, तिसऱ्या वर्गात खिडकी लावायची सोय नाही म्हणून उपरणं नाकाशी धरायचं. खंडाळ्याच्या अलीकडे रिव्हर्सिंग स्टेशन होतं, तिथे गाडी कड्याच्या टोकाशी जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने वर निघायची. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटणार गाडी परत मुंबईला चालली. हे स्टेशन १९२९ पर्यंत होतं, म्हणजे तुमच्या पूर्ण काळात आहेच.

उतरताना धोका जास्त. ब्रेक आजच्यासारखे नव्हते, ब्रेकच्या डब्यांत माणसं बसलेली असायची आणि इंजिनाच्या शिट्टीवर हाताने ब्रेक आवळायची. वाटेत चढावर वळवलेल्या आडलाइनी होत्या, सांधा म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जोडणी, तो एरवी त्या आडलाइनीकडेच लावलेला, गाडी ताब्यात आहे असं दिसलं तरच सांधेवाला मुख्य लाइन लावून देणार. त्या सांधेवाल्याची एकट्याची चौकी, पावसाळ्यातलं धुकं, समोर न दिसणारी गाडी, याच्यावर एक आख्खं प्रकरण होईल.

आणि घाट बांधणारी माणसं. १८५६ ला काम सुरू झालं, भर होता तेव्हा चाळीस हजारांच्या वर मजूर होते, बायका-मुलं धरून. पटकी, ताप, दरडी, सुरुंग यांत हजारो मेली. १८५९ च्या सुरुवातीला मजुरीवरून दंगल झाली. पहिला ठेकेदार फेव्हिएल निघून गेला, नंतर आलेला सोलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने ठेका पुढे चालवून काम पूर्ण करून घेतलं. तिच्याबद्दल लिहितात लोक, लिहायलाच पाहिजे, पण तिच्या ठेक्यावर टोपली उचलणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच कागदात नाही. कादंबरी नेमकी त्यासाठी असते.

काशीयात्रा दाखवायची आहे.

१८७० मध्ये जबलपूरला दोन्हीकडच्या लाइनी जुळल्या आणि मुंबईहून अलाहाबादकडे सलग गाडी झाली. त्याआधीच्या यात्रेला महिने लागायचे, माणूस घरच्यांचा निरोप घेऊनच निघायचा. पण १८८७ पर्यंत काशीला गंगेवर रेल्वेपूल नव्हता, मोगलसरायच्या बाजूने अलीकडच्या काठाला उतरून नदी ओलांडावी लागायची. म्हणजे पहिलं दर्शन घाटांचं, पाण्यावरून. पुलावरून गाडीतून काशी दिसली असं १८८० मध्ये लिहू नका.

कुठल्या गोष्टी चुकूनही घालू नयेत?

प्लॅटफॉर्मवर 'चाय गरम'. सामान्य माणसाला चहाची सवय २०व्या शतकात लागली. बटाटेवडा, वडापाव अजिबात नाही. १८८७ च्या आधी व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव नाही, बोरीबंदर म्हणा, आणि ती मोठी इमारत १८७८ ते १८८८ बांधकामातच होती, म्हणजे १८८३ चा प्रवासी परांच्यांमधून वाट काढत जाणार. विजेची लोकल १९२५ ची, डेक्कन क्वीन १९३० ची. आणि किलोमीटर नको, मैल नाहीतर कोस.

माहिती शोधायची कुठे?

मुंबई इलाख्याची जुनी गॅझेटियरं आधी काढा, ठाणे, पुणे, नाशिक, सोलापूर असे जिल्ह्यांचे खंड आहेत, १८८० च्या दशकातले बरेचसे, आणि नेटवर फुकट आहेत. त्यात स्टेशनं, अंतरं, कुठून किती माल गेला हे सगळं आहे. रुक्ष वाटतं पण कुठल्या स्टेशनवरून कांदा जातो आणि कुठून कापूस हे कळलं की फलाटावरचा वास कळतो. मग मुंबईला काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार. तिथल्या जुन्या कागदांमधले अर्ज आणि तक्रारी शोधा, कौतुकाच्या कागदापेक्षा तक्रारीच्या कागदात जास्त जिवंत माणूस सापडतो.

मराठीतलं वाचायचं तर गोविंद नारायण माडगावकरांचं १८६३ चं 'मुंबईचे वर्णन', तो माणूस डोळ्यांनी बघून लिहितोय. ज्ञानप्रकाश, इंदुप्रकाश, नंतर केसरी यांचे अंक दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयांत विचारा. बातम्यांपेक्षा वाचकांची पत्रं आणि जाहिराती बघा.

प्लेगच्या काळात गाड्या बंद होत्या का?

नाही, चालू होत्या, पण १८९६-९७ पासून कल्याणसारख्या ठिकाणी उतारूंना उतरवून तपासायचे. डॉक्टर काख, जांघ चाचपायचा, बायकांचीही तपासणी व्हायची आणि त्यावरून प्रचंड संताप होता. अंगात थोडा ताप असलेलं पोर बरोबर घेऊन मुंबई सोडणारं कुटुंब घ्या, कल्याण येईपर्यंतचे दोनेक तास घ्या, आई पोराचं कपाळ ओल्या पदराने पुसतेय, सासरा म्हणतो त्याला झोपलेलंच दाखव. एवढ्यावर मधली पन्नास पानं सहज उभी राहतील.